रहस्यकथा लिहिणाऱ्या मायलेकी

आजच्या भाषणाचा विषय आपल्या घराघरांतल्या वाचनाचा आहे. परंतु त्याचा आरंभ मी एका बाजारपेठेंतून करणार आहे. ती पेठ हिंगोलीची. मराठवाड्यांतील हें गांव आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. परभणी जिल्ह्याचें विभाजन होऊन १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा निराळा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मात्र हिंगोली हें निझामाच्या राज्यांतलें छावणीचें गांव होतें. त्या छावणीच्या पेठेंत हरीसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. एकदां त्यानें मुंबईहून कापड आणण्यासाठीं तेथील मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून परवाना मागून घेतला. तें कापड वस्तुतः जवळच्याच गांवच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याचें होतें, आणि तो व्यापारी स्वतः आपल्या मालाबरोबर वाट चालत होता. हरीसिंगानें त्याला, त्याच्या नोकरांना व गाडीवानांना वाटेंतच ठार केलें, परवाना दाखवून माल हिंगोलीस आणला आणि भर छावणींत उजळ माथ्यानें विकला. पुढें तो पकडला गेला व त्यानें स्वतःच्या तोंडानें कबुली दिली, तेव्हां लोकांना कळलें कीं, हा सद्‌गृहस्थ म्हणजे त्या प्रांतांतील ठगांचा नायक! मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत त्याच्या टोळीनें कित्येक माणसें मारलीं होतीं आणि शिपायांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर त्यांना पुरलें होतें.

ही हकीकत मेडोज टेलर यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत सांगितली आहे. ती सांगतांना ते सहज एक गोष्ट नमूद करून जातात : या हरीसिंगाशीं, इतर अनेकांप्रमाणें, आपलाही देण्याघेण्याचा व्यवहार होता. श्रोतेहो, या एका उल्लेखांत रहस्यकथेचें सारें मर्म सांठविलेलें आहे. भय दूरच्या अरण्यांत नसतें. ज्याच्या दुकानांतून काल आपण कापड फाडून आणलें, त्याच्या हंसऱ्या चेहऱ्याआड तें असतें.

याच टेलरसाहेबांनीं १८६३ सालीं ‘तारा’ नांवाची कादंबरी लिहिली. तींत अफझलखानाच्या स्वारीच्या काळांतल्या तुळजापूरच्या एका मुलीची प्रेमकथा आहे. १८७६ सालीं ते वारले आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें आत्मचरित्र बाहेर पडलें. त्याचें संपादन त्यांच्या कन्येनें केलें होतें. रहस्य, प्रणय आणि हस्तलिखितावरून फिरणारा लेकीचा हात, हा असा त्रिवेणी संगम या लेखकाच्या चरित्रांत झालेला आहे.

आतां त्याच हिंगोली जिल्ह्यांतलें दुसरें एक गांव पाहूं. कयाधू नदीच्या कांठीं नरसी आहे. संत नामदेवांचें नांव या गांवाशीं जोडलेलें आहे, म्हणून लोक त्याला ‘नरसी नामदेव’ असेंच म्हणतात. नामदेवांच्या गाथेंत केवळ नामदेवांचेच अभंग नाहींत. त्यांची आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, सून लाडाई यांच्या नांवांचे अभंगही तींत आहेत. म्हणजे गोणाई व आऊबाई, राजाई व लिंबाई अशा मायलेकींच्या दोन जोड्या एका कुटुंबांत, आणि त्या साऱ्यांच्या नांवें रचना! एकाच घराच्या उंबरठ्याआंत शब्द असा एकीकडून दुसरीकडे जातो, ही कल्पना आपल्याला परकी नाहीं.

हिंगोलीची पेठ भयाची गोष्ट सांगते. नरसीचें घर मायेची. या दोन्ही गोष्टी एका टेबलावर मांडून ज्यांनीं आपला संसार व आपलें नांव उभें केलें, अशा एका मायलेकींची कथा मला आज सांगावयाची आहे. आईचें नांव मेरी हिगिन्स क्लार्क व लेकीचें नांव कॅरोल हिगिन्स क्लार्क. दोघीही अमेरिकेंतल्या.

मेरीबाईंचा जन्म २४ डिसेंबर १९२७ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत झाला. घराणें आयरिश वंशाचें. वडिलांचें मद्यगृह होतें. मेरी अकरा वर्षांची असतांना वडील एकाएकीं वारले. नोरा नांवाच्या त्यांच्या आईनें घरांतल्या खोल्या भाड्यानें द्यावयास काढल्या आणि दारावर पाटी लावली कीं, सामानसुमानासह खोल्या मिळतील, स्वयंपाकघर वापरण्याची मुभा आहे. ती पाटी मेरीबाई जन्मभर विसरल्या नाहींत. २००२ सालीं त्यांनीं आपल्या आठवणींचें पुस्तक लिहिलें, तेव्हां त्याला नांव दिलें ‘किचन प्रिव्हिलेजेस’, म्हणजे स्वयंपाकघराची मुभा. हें नांव किती सार्थ आहे, हें पुढें दिसेलच.

शिक्षण आटोपून त्या कचेरींत नोकरीस लागल्या. १९४९ सालीं वर्षभर त्यांनीं विमानांत प्रवाशांची व्यवस्था पाहण्याचें काम केलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वॉरन क्लार्क यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. संसार सांभाळून त्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लेखनवर्गास जाऊं लागल्या. तेथें त्यांना एक साधी युक्ति शिकावयास मिळाली : खरी घडलेली एखादी गोष्ट घ्यावी आणि स्वतःला विचारावें, ‘समजा, असें झालें असतें तर?’ विमानांतल्या नोकरीच्या अनुभवावर त्यांनीं एक गोष्ट रचली. ती चाळीस वेळां परत आली. सहा वर्षांनीं, १९५६ सालीं, एका मासिकानें ती शंभर डॉलरला घेतली. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत कॅरोलचा जन्म झाला.

१९६४ सालीं वॉरन क्लार्क हृदयविकारानें वारले. मेरीबाईंच्या पदरीं पांच मुलें होतीं. कॅरोल तेव्हां अवघी आठ वर्षांची. जो प्रसंग नोराबाईंवर आला होता, तोच पंचवीस वर्षांनीं त्यांच्या मुलीवर आला. आईनें खोल्या भाड्यानें दिल्या. मुलीनें लेखणी हातीं घेतली. श्रोतेहो, आपण हें भाषण ऐकत आहांत, म्हणून सांगण्यास विशेष आनंद वाटतो कीं, त्या काळीं त्यांच्या चरितार्थाचें साधन रेडिओ हेंच होतें. थोर पुरुषांच्या जीवनावर चार-चार मिनिटांच्या श्रुतिका लिहिण्याचें काम त्या करीत. चार मिनिटांत माणूस उभा करावयाचा, प्रसंग रंगवावयाचा आणि ऐकणाऱ्याचा हात खुंटीकडे जाण्यापूर्वीं त्याला धरून ठेवावयाचें! रहस्यकथाकाराला याहून उत्तम तालीम कोणती मिळणार?

कादंबरीचें लेखन मात्र नोकरीच्या वेळांत होणें शक्य नव्हतें. पहाटे पांचपासून सातपर्यंत, मुलें उठण्यापूर्वीं, स्वयंपाकघरांतल्या टेबलावर त्या लिहीत असत. हें ऐकून महाराष्ट्रांतल्या कोणत्या घरास आपल्या आजीच्या जात्याची आठवण होणार नाहीं? आपल्याकडेही बायांची वाङ्मयनिर्मितीची घटका हीच होती : पहांटेची, कामाची, आणि घर निजलेलें असतांनाची. समोरासमोर बसून आई व लेक जात्याचा खुंटा फिरवीत, आणि आईच्या ओवीला लेक आपली ओवी जोडून देई. हेमा राईरकर व गी पॉइट्व्हाँ या अभ्यासकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. वर्गांत बसून शिकविलेली ही कला नव्हे. दळतां दळतां कानावर पडलेली आहे. मेरीबाईंच्या घरीं जात्याच्या जागीं टंकलेखनयंत्र होतें, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गंमत पाहा. जिला पुढें जगानें भयकथांची राणी म्हटलें, तिची पहिली कादंबरी भयकथा नव्हतीच. ती जॉर्ज वॉशिंग्टन व त्यांची पत्नी मार्था यांच्या दांपत्यप्रेमाची कथा होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती छापली गेली, आणि तिच्याकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. मेरीबाई खचल्या नाहींत. आपण स्वतः काय आवडीनें वाचतों, असें त्यांनीं मनाला विचारलें. उत्तर मिळालें, रहस्यकथा. मग १९७५ सालीं ‘व्हेअर आर द चिल्ड्रन?’, म्हणजे ‘मुलें कोठें आहेत?’, ही कादंबरी बाहेर पडली. स्वतःच्याच मुलांच्या खुनाचा आळ एका तरुण आईवर येतो. ती कशीबशी सुटते, दूर समुद्रकांठीं नांव बदलून नवा संसार मांडते, आणि एके दिवशीं तिचीं नवीं दोन मुलेंही नाहींशीं होतात. या पुस्तकाबद्दल प्रथम तीन हजार डॉलर मिळाले. स्वस्त आवृत्तीच्या हक्कांचे पुढें एक लाख आले. बापावांचून वाढणाऱ्या पांच मुलांच्या शिक्षणाची चिंता त्यानें हलकी केली. वॉशिंग्टन दांपत्याची ती उपेक्षित प्रेमकथाही २००२ सालीं नव्या नांवानें पुन्हां निघाली आणि या खेपेस लोकांनीं ती उचलून धरली.

प्रेमकथा पडली आणि रहस्यकथा चालली, असा याचा अर्थ कोणी करील. मला तो बरोबर वाटत नाहीं. ‘मुलें कोठें आहेत?’ हा प्रश्न पोलिसाचा नाहीं, आईचा आहे. खून कोणीं केला, याची उत्कंठा क्षणभर टिकते. परंतु ज्याच्यावर आपला जीव जडला आहे, त्याचें काय होणार, ही काळजी शेवटच्या पानापर्यंत सोडीत नाहीं. जेथें माया नाहीं, तेथें भयही नाहीं. रहस्यकथा व प्रणयकथा या परस्परांहून भिन्न जाती नव्हेत. एकीच्या पोटांत दुसरी असते. पतीच्या मृत्यूनंतर पांच मुलांना उराशीं धरून रात्री काढणाऱ्या बाईला हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

आतां लेकीकडे वळूं. कॅरोल महाविद्यालयांत शिकत असतांना आईचें हस्तलिखित प्रकाशकाकडे वेळेवर जावें म्हणून तें पुन्हां टंकलिखित करण्याचें काम तिच्याकडे आलें. अनेक घरांत असें घडतें. वडिलांचीं पत्रें मुलगी उतरून काढते, आईचा हिशेब लिहिते. त्यांत नवल नाहीं. परंतु दुसऱ्याचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरून काढण्याइतकें सूक्ष्म वाचन नाहीं. वाक्य कोठें लांबलें, पात्र केव्हां खोटें बोललें, संशयाचा धागा कोठें सोडला व कोठें उचलला, हें बोटांना कळतें. आमच्या वयाच्या मुली असें बोलत नाहींत, असें आईला सांगण्याचें धाडसही त्यांतूनच येतें. टंकलेखक म्हणून बसलेली मुलगी अशी हळूहळू टीकाकार होऊन उठली.

याचा एक प्रत्यय लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘वीप नो मोअर, माय लेडी’ या कादंबरींत अल्व्हायरा मीहान नांवाची एक बाई आहे. लोकांच्या घरीं झाडलोट करून पोट भरणारी ही बाई. तिचा नवरा नळ दुरुस्त करणारा. त्यांना सोडतींत चार कोटि डॉलर मिळतात. मेरीबाईंच्या मूळ बेतांत या अल्व्हायराचा खून व्हावयाचा होता. कॅरोलनें हट्ट धरला कीं, हिला मारूं नकोस. आईनें ऐकलें. आणि काय चमत्कार! मरणाच्या दारांतून परतलेली तीच अल्व्हायरा वाचकांची इतकी लाडकी झाली कीं, पुढें तिच्यावर कथांमागून कथा निघाल्या. कथानकाच्या सोयीसाठीं आई एका जिवाचा बळी द्यावयास निघाली होती. लेकीला त्या बाईंत माणूस दिसला. गुरूनें शिष्याकडून शिकावें, असे प्रसंग विरळा; आईनें मुलीकडून शिकावें व तें मोकळेपणानें मान्य करावें, असे प्रसंग त्याहूनही विरळा.

कॅरोलनें प्रथम नाटकसिनेमाचा मार्ग धरला. आईच्या ‘अ क्राय इन द नाइट’ या कादंबरीवरील चित्रपटांत तिनें कामही केलें. परंतु १९९२ सालीं ‘डेक्ट’ ही तिची स्वतःची पहिली कादंबरी बाहेर पडली आणि रीगन रायली नांवाची एक तरुण गुप्तहेर स्त्री वाचकांच्या भेटीस आली. या रीगनची आई कोण, तर रहस्यकथा लिहिणारी एक नामांकित लेखिका! तिचें नांव नोरा आणि वडिलांचें नांव ल्यूक. मेरीबाईंच्या आईवडिलांचीं नांवेंही नोरा व ल्यूक हींच होतीं. खोल्या भाड्यानें देणारी ती आजी अशी नातीच्या पुस्तकांत लेखिका होऊन बसली.

परंतु लेकीनें आईची नक्कल केली नाहीं, हें मला विशेष वाटतें. आईच्या पुस्तकांत काळीज धडधडतें. लेकीच्या पुस्तकांत, खून पडला तरी, ओठांवर हंसूं येतें. आईनें पोरकेपण पाहिलें, वैधव्य पाहिलें. तिच्या लेखणींत काळजी उतरली. लेकही आठव्या वर्षीं बापाला मुकली. परंतु तिनें त्या काळजीवर थट्टेचा उतारा शोधला. एकाच मातींतून एकीनें काळोख उचलला व दुसरीनें त्यावर धरावयाचा दिवा. वारसा म्हणतात तो हाच. आईचें लुगडें जसेंच्या तसें नेसणें हा वारसा नव्हे; त्याचें सूत ओळखून आपल्या अंगाला बसेल असें वस्त्र विणणें हा वारसा.

पुढें २००० सालीं या दोघींनीं मिळून ‘डेक द हॉल्स’ ही नाताळच्या दिवसांतली कादंबरी लिहिली. तींत लेकीची रीगन आणि आईची अल्व्हायरा, म्हणजे लेकीनेंच वांचविलेली अल्व्हायरा, एकत्र येऊन तपास लावतात. अशीं पांच पुस्तकें दोघींच्या नांवांनीं निघालीं. मेरी जेन क्लार्क ही मेरीबाईंची एके काळची सूनही रहस्यकथालेखिका झाली. नरसीच्या त्या कुटुंबाची येथें पुन्हां आठवण होते. ती भक्तीची वाट, ही करमणुकीची. त्यांची तुलना मी करीत नाहीं. परंतु एक बाई लिहूं लागली कीं घरांतल्या दुसरीचा संकोच मोडतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आपल्या मराठींत मायलेकी लेखिका नाहींत काय? अवश्य आहेत. ‘युगान्त’कार इरावतीबाई कर्वे, त्यांच्या कन्या गौरी देशपांडे आणि गौरीबाईंच्या कन्या, इंग्रजींत लिहिणाऱ्या उर्मिला देशपांडे, अशा तीन पिढ्या आपल्यासमोर आहेत. परंतु या साऱ्याजणींची वाट गंभीर ललित लेखनाची. रहस्यकथेचें नांव काढलें कीं, आपल्याला आठवतात ते हजाराहून अधिक पुस्तकें लिहिणारे बाबुराव अर्नाळकर. आणि तीं पुस्तकें सुशिक्षित घरांत कशीं वाचलीं जात, हें मी सांगावयास नको. कपाटांत मानाचे ग्रंथ, आणि उशीखालीं अर्नाळकर!

या उशीखालच्या वाचनाबद्दल आपण दोन प्रकारचा अन्याय करतों. पहिला त्या पुस्तकांवर, कारण ज्यांनीं आपल्याला आजारपणांत, प्रवासांत, निद्रानाशांत सोबत केली, त्यांचें नांव आपण चारचौघांत घेत नाहीं. दुसरा, आणि अधिक मोठा, आपल्या मुलींवर. एखाद्या मुलीनें कविता केली तर आपण पाहुण्यांसमोर ती म्हणावयास लावतों. तिनें वहींत खुनाची गोष्ट लिहिली तर मात्र ‘हें काय भलतेंच?’ म्हणून वही मिटतों. मुलीच्या मनांत भय असूं नये, असें आपल्याला वाटतें. परंतु भय तर असतेंच. रात्रीच्या वाटेचें असतें, अनोळखी हंसण्याचें असतें, आणि हरीसिंगासारख्या ओळखीच्या हंसण्याचें तर त्याहून अधिक असतें. त्या भयाला शब्द देणें, त्याला आरंभ, मध्य व अंत देणें, आणि शेवटीं गुन्हेगाराला उजेडांत ओढून आणणें, हें दुर्बलतेचें नव्हे, धैर्याचें लक्षण आहे.

हलकें वाङ्मय वाईट नसतेंच, असें माझें म्हणणें नाहीं. त्यांत वाईट पुष्कळ आहे. घाईनें लिहिलेलें, उसनें घेतलेलें आणि रक्ताच्या रंगावरच विकलें जाणारें. परंतु त्याची परीक्षा त्याच्या जातीवरून न करतां त्यांतल्या मायेवरून करावी. पुस्तकांत मरणारा माणूस लेखकाला माणूस वाटला होता काय, हा प्रश्न विचारावा. कॅरोलनें अल्व्हायरासाठीं तोच प्रश्न आईला विचारला होता.

मेरीबाई ३१ जानेवारी २०२० रोजीं, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं वारल्या. त्यांच्या पुस्तकांच्या एकट्या अमेरिकेंतच दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. कॅरोल १२ जून २०२३ रोजीं, अवघ्या सहासष्टाव्या वर्षीं, कर्करोगानें गेली. आईच्या मागें तिला साडेतीन वर्षेंही पुरतीं मिळालीं नाहींत. ज्या टेबलावर एकीनें लिहिलें, त्या घरांतली दुसरीही आतां नाहीं. राहिलीं आहेत तीं पुस्तकें, आणि त्यांत एक झाडलोट करणारी बाई, जी मरावयाची होती पण मेली नाहीं.

श्रोतेहो, माझी वेळ संपत आली. जातां जातां एकच विनंती करतों. आज रात्रीं आपल्या घरांतली एखादी मुलगी वहींत कांहीं लिहीत बसलेली दिसली, तर ‘काय लिहितेस?’ असें दरडावून विचारूं नका. स्वयंपाकघरांतलें टेबल थोडें मोकळें करून द्या, दिव्याची वात पुढें सरका, आणि जमलें तर तिची आई जी असेल तिलाही एक वही द्या. तिच्याजवळही एखादी गोष्ट असेल. पहांटे पांच वाजतां ती कोणाला सांगावी, हें तिला आजवर कळलें नसेल.